पाचवं कारण

4 मार्च 2025 रोजी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना होता. समोर ऑस्ट्रेलिया. भारताचे अकराही खेळाडू दंडाला काळी पट्टी बांधून मैदानात उतरले. आदल्याच दिवशी मुंबईत पद्माकर शिवलकर गेले होते. वय 84. ज्या भारतीय संघाने त्यांच्यासाठी ती पट्टी बांधली, त्या संघाकडून शिवलकर एकही कसोटी खेळलेले नव्हते.

त्या अकरा जणांत डाव्या हाताच्या बोटांनी फिरकी टाकणारे दोघं होते, रवींद्र जडेजा आणि अक्षर पटेल. शिवलकरांच्या उमेदीच्या काळात भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीसाठी जागा जेमतेम एक असे, आणि त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते.

शिवलकरांची कारकीर्द आकड्यांत सांगायची तर 124 प्रथम श्रेणी सामने आणि 589 बळी. प्रत्येक बळीमागे सरासरी वीसपेक्षाही कमी धावा. डावात पाच किंवा अधिक बळी 42 वेळा, सामन्यात दहा किंवा अधिक 13 वेळा. यातले 361 बळी एकट्या रणजी स्पर्धेतले. 1961-62 च्या मोसमात पहिला प्रथम श्रेणी सामना आणि 1987-88 मध्ये शेवटचा. जगात बऱ्याच कसोटीवीरांच्या नावावर असे आकडे नाहीत.

वरवर पाहता हा क्रिकेटच्या निवडीचा विषय. पण जरा खाली उतरलं की तो धर्मविचारातला फार जुना प्रश्न होतो. एखाद्या माणसाने आपलं काम जीव ओतून केलं, अचूक केलं, वर्षानुवर्षं केलं, आणि त्या कामाचं जे फळ सगळे मानतात तेच त्याला मिळालं नाही, तर त्याला काय सांगायचं? फळाची आशा धरू नकोस, असं? नशिबात नव्हतं, असं? की चूक आमची झाली, असं?

हा प्रश्न रायपुरात बसून विचारण्याला एक खास कारण आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि 1915 साली ते छापून आलं. लवकरच ते हिंदीत गेलं, आणि हे काम केलं रायपूरकर माधवराव सप्रे यांनी. सप्रे मराठी घरातले, जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावचा. 1900 साली पेंड्राहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. समर्थांचा ‘दासबोध’ही त्यांनीच हिंदी वाचकांच्या हाती दिला. 23 एप्रिल 1926 रोजी त्यांचं रायपुरातच निधन झालं. शहरात आज त्यांच्या नावाची शाळा आहे. त्या शाळेचं मैदान सगळं रायपूर सप्रे मैदान म्हणूनच ओळखतं.

सप्र्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1907 मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. सप्रे मात्र घरच्यांच्या दबावापुढे नमले आणि माफीनामा लिहून सुटले. ही बोच त्यांनी आयुष्यभर बाळगली. प्रायश्चित्त म्हणून मधुकरी मागून राहिले, सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, दासबोधात बुडाले. आणि मग याच माणसाने निष्काम कर्माचा एवढा मोठा ग्रंथ ओळीओळीने दुसऱ्या भाषेत नेला. फळाची आशा सोडणं किती कठीण असतं, हे स्वतःच्या मोडण्यातून कळलेला माणूस तो. म्हणून कर्मयोगावर बोलताना त्याची आठवण ठेवावी. ज्याला काहीच गमवावं लागलेलं नाही, त्याने दुसऱ्याला निष्काम व्हायला सांगणं फार सोपं असतं.

गीता म्हटली की बहुतेकांना दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आठवतो, कर्मावर अधिकार आणि फळावर नाही, असं सांगणारा. तो इतका पाठ झालाय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. अठराव्या अध्यायात चौदावा श्लोक आहे, त्याच्याकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलंय. पहिलं अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडतं ती जागा, तो आधार. दुसरा कर्ता. तिसरं करण, म्हणजे निरनिराळी साधनं. चौथी चेष्टा, म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली, खटपटी. आणि पाचवं दैव.

फिरकी गोलंदाजाचा एक चेंडू समोर ठेवला की हा श्लोक जितका लख्ख कळतो, तितका क्वचितच दुसऱ्या कशाने कळत असेल.

चेंडू डाव्या हातात आहे. तर्जनीचं वरचं पेर शिवणीवर घट्ट बसलंय. चार-सहा पावलांची धाव, उजवा खांदा फलंदाजाकडे, मग सगळं अंग पुढच्या पायावरून फिरतं आणि चेंडू सुटता सुटता तर्जनी त्याला पीळ देते. ही झाली करणं आणि चेष्टा. चेंडू फलंदाजाच्या डोळ्यांच्या रेषेवर चढतो, उजव्या फलंदाजाच्या पायांकडे किंचित झुकतो, आणि जिथे पडेल असं वाटलं होतं त्याच्या वीतभर अलीकडे पडतो. पाय पुढे निघालेला असतो, बॅट त्याच्यामागून येते. टप्पा पडताच चेंडू बाहेर, स्लिपकडे वळतो. किती वळेल हे मातीवर ठरतं. माती ओली की कोरडी, भुसभुशीत की घट्ट, आधीच्या चेंडूंनी तिथे ओरखडा उठलाय की नाही. हे अधिष्ठान. कड लागलीच तर झेल घ्यायला दुसऱ्या कुणाचे हात लागतात. आणि हे सगळं जुळूनही चेंडू कधी कडेपासून केसभर लांबून निघून जातो.

एवढ्या सगळ्यात कर्त्याचं म्हणावं असं किती? निर्णय, आणि त्यामागची वर्षानुवर्षांची सवय. तेवढंच. पण तेवढं नसेल तर बाकीची चार कारणं तशीच पडून राहतात.

एप्रिल 1973 मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर रणजी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अजित वाडेकरांची मुंबई विरुद्ध तमिळनाडू. मुंबईने त्याआधी सलग चौदा वेळा ही स्पर्धा जिंकली होती. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरकीची होती आणि तमिळनाडूकडे श्रीनिवास वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन कसलेले फिरकी गोलंदाज होते. अधिष्ठान यजमानांच्या बाजूचं. मुंबईचा पहिला डाव 151 धावांत आटोपला, दुसरा 113 मध्ये.

मग शिवलकरांनी चेंडू हातात घेतला. पहिल्या डावात त्यांनी 16 धावांत 8 बळी घेतले आणि तमिळनाडू 80 वर सर्वबाद झाला. दुसऱ्या डावात 18 धावांत 5 बळी त्यांचे, उरलेले पाच एकनाथ सोलकरांचे, 23 धावांत. तमिळनाडू 61 सर्वबाद. सामना दोन दिवस आणि एक चेंडू एवढाच चालला. मुंबई 123 धावांनी जिंकली आणि सलग पंधराव्यांदा करंडक घेऊन घरी आली.

चौतीस धावांत तेरा बळी. यजमानांची माती पाहुण्याला फळली. पाचही कारणं एकाच दिशेला आली की काय होतं, ते मद्रासच्या प्रेक्षकांनी त्या दोन दिवसांत पाहिलं. अशा कामगिरीनंतरही कसोटीचं दार उघडलं नाही.

आता पाचव्या कारणाकडे यायला हवं.

शिवलकरांचा जन्म 14 एप्रिल 1940 चा, बेदींचा 1946 चा. बेदी 1966 ते 1979 या काळात 67 कसोटी खेळले आणि त्यांनी 266 बळी घेतले. प्रथम श्रेणीत त्यांचे बळी 1560 आहेत, भारतीय गोलंदाजांत सर्वाधिक. बेदींना वगळून शिवलकरांना घ्यायला हवं होतं, असं म्हणणं न्यायाचं होणार नाही. बेदी थोरच होते. त्यांच्या जोडीला इरापल्ली प्रसन्ना, भागवत चंद्रशेखर आणि वेंकटराघवन. या चौघांनी मिळून 853 कसोटी बळी घेतले. अशा चौघांच्या काळात पाचवा फिरकी गोलंदाज म्हणून जन्माला येणं, याला दैव म्हणायचं तर खुशाल म्हणावं. बेदी सहा वर्षांनी धाकटे असण्याऐवजी वीस वर्षांनी धाकटे असते, तर शिवलकरांच्या नावापुढे कसोटीचे किती बळी लागले असते, हा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. बेदी संघाबाहेर गेले तेव्हा, 1979 मध्ये, दिलीप दोशी आले. दोशी 31 वर्षांचे होते. शिवलकर 39.

शिवलकर गातही सुरेख. ‘हा चेंडू दैवगतीचा’ हे गाणं त्यांच्याच आवाजातलं. चेंडू आणि दैव यांची सांगड घालणारं गाणं या माणसाच्या वाट्याला यावं, हे ऐकणाऱ्याला चटका लावून जातं.

पण सगळंच दैवावर टाकून मोकळं होता येत नाही. नोव्हेंबर 1974 मध्ये बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी होती. शिस्तभंगाच्या कारणावरून बेदी त्या सामन्यातून बाहेर होते. म्हणजे डावखुऱ्या फिरकीची ती एकुलती एक जागा रिकामी होती. हरियाणाचे राजिंदर गोयल यांना संघात बोलावलं गेलं. गोयल म्हणजे शिवलकरांचेच दैवबंधू. रणजी स्पर्धेत 637 बळी, एकूण प्रथम श्रेणीत 750, आणि कसोटी शून्य. त्या सामन्यातही अकरा जणांत त्यांचं नाव आलं नाही. जागा रिकामी होती, माणूस हजर होता, तरी त्याला खेळवलं नाही. हे दैव नव्हे. तो खोलीत बसलेल्या काही माणसांनी घेतलेला निर्णय होता.

सुनील गावसकरांनी 1983 मध्ये ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्याला आदर्श वाटलेल्या खेळाडूंबद्दल लिहिलं. कसोटी न खेळलेल्या गोयल आणि शिवलकर या दोघांनाही त्यांनी त्यात जागा दिली. कर्णधार असताना शिवलकरांसाठी निवड समितीचं मन आपण वळवू शकलो नाही, याची खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. ही कबुली मोलाची आहे. ‘त्यांचं नशीब’ असं म्हणून गावसकर सहज सुटू शकले असते. ते स्वतःकडे बोट दाखवून बोलले.

दैव या शब्दाची मेख इथेच आहे. ज्याचा कर्ता सापडत नाही, त्याला दैव म्हणावं. ज्याचा कर्ता सापडतो पण त्याचं नाव घ्यायचं नसतं, त्यालाही आपण दैवच म्हणतो. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे दुसऱ्या प्रकारातली माणसं पहिल्याच्या आडोशाला लपतात.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण शिवलकरांच्याही आधीचं आहे, आणि तेही डावखुऱ्या फिरकीचंच. पाळवणकर बाळू, जन्म 1876, धारवाडचा. चर्मकार समाजातले. पुण्याच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायला म्हणून ते लागले आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता देशातले अव्वल फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला जिंकायचं होतं, म्हणून त्यांना संघात घेतलं. मैदानात त्यांनी हात लावलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, तेही बराच झगडा झाल्यावर.

बाळूंच्या बाबतीत त्या काळातला शास्त्री काय म्हणाला असता, याचा अंदाज करणं अवघड नाही. पूर्वजन्मीचं कर्म, दुसरं काय? कर्मविपाकाचा सिद्धांत असा वापरला की त्याचा धर्म उरत नाही. मग तो दाराला लावलेल्या कुलपासारखा होतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे. या दोन गोष्टी त्यांनी एकत्र घेतल्या, कारण पहिलीच धरून बसलं तर माणसाने हात हलवायचं कारणच राहत नाही. कर्माच्या साखळीत असूनही माणूस प्रयत्नाला मोकळा आहे, याच ठिकाणी त्यांना यायचं होतं. आणि प्रयत्न करायला बाळू मोकळे असतील, तर त्यांच्या चहाचं भांडं घरात घ्यायला बाकीचेही मोकळेच होते.

छत्तीसगढच्या मातीत हे कुणी सांगायची गरज पडू नये. 1756 साली गिरौदपुरीत जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सतनामाचा मार्ग दाखवला तो हेच सांगून, की माणूस माणसाहून जन्माने खालचा नसतो. त्यांच्या मागे गेलेली हजारो घरं अशीच होती, ज्यांच्या पिढ्यांना त्यांचं हीनपण पूर्वकर्माचं फळ म्हणून पढवलं गेलं होतं. गिरौदपुरीला आज उभा असलेला पांढरा जैतखाम, म्हणजे सतनामींचा विजयस्तंभ, कुतुबमिनारापेक्षाही उंच आहे. हे हीनपण देवाने दिलेलं नाही, माणसांनी लादलेलं आहे, एवढं ओळखणं हाच या भूमीतला एक मोठा धर्मविचार आहे.

क्रिकेटच्या छोट्या जगातही रायपूरने हा फरक अनुभवला आहे. 2000 साली राज्य झालं, पण भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचं पूर्ण सदस्यत्व छत्तीसगढला 2016 मध्ये मिळालं. तोवर रायपूर, भिलाई, बिलासपूरच्या मुलाला रणजी खेळायचं तर मध्य प्रदेशाच्या संघात जागा मिळवावी लागे. भिलाईच्या राजेश चौहानांचा मार्ग तोच होता. हा ऑफस्पिनर 1993 ते 1998 या काळात 21 कसोटी खेळला, 47 बळी मिळवले. या 21 पैकी एकाही कसोटीत भारत हरला नाही. अनिल कुंबळे आणि वेंकटपती राजू यांच्या जोडीला तिसरा फिरकी गोलंदाज घ्यायचा, असं संघाने ठरवलं होतं, तो हा काळ. पाच कारणांपैकी अधिष्ठान आणि दैव चौहानांना एकाच वेळी अनुकूल झालं. मध्येच त्यांच्या शैलीबद्दल शंका घेतल्या गेल्या, तेव्हा तेच दैव फिरलंही.

भिलाईतून कसोटीपर्यंत पोहोचणारा एखादाच का, असं 2016 च्या आधी कुणी विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, इथल्या पोरांचं नशीब. मग मंडळाने एक ठराव केला. 2016-17 च्या मोसमात छत्तीसगढ रणजीत उतरला आणि पहिल्याच सामन्यात रांचीला त्रिपुराला नऊ गडी राखून हरवून आला. एका ठरावाने जे बदलतं, त्याला नशीब म्हणत सोळा वर्षं काढली गेली होती. या सोळा वर्षांत वय निघून गेलेल्या मुलांची नावं कुठल्याच धावफलकावर नाहीत.

म्हणजे निष्काम कर्म खोटं का? नाही. उलट शिवलकरांच्या आयुष्यात ते जितकं स्वच्छ दिसतं, तितकं पोथीतही दिसत नाही.

निष्काम म्हणजे इच्छाच नसलेला, असं समजण्याची चूक होते. शिवलकरांना भारताकडून खेळायचं होतं. न मिळाल्याचं दुःख त्यांना होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. फरक एवढाच, की ते दुःख त्यांनी चेंडूत उतरू दिलं नाही. निवड झाली नाही म्हणून टप्पा ढिला पडला, रणजीच तर आहे म्हणून हात राखून टाकलं, असं झालं असतं तर सरासरी वीसच्या आत राहिली नसती. हजारो षटकं टाकायची आणि प्रत्येक चेंडू असा टाकायचा की जणू याच्यावर सगळं अवलंबून आहे, हे आशेवर जगणाऱ्याला फार काळ जमत नाही. आशा संपते त्या दिवशी खांदा दुखायला लागतो.

आणि शिवलकरांनी याचा पुरावाच ठेवला आहे. 1980-81 नंतर ते थांबले होते. 1987-88 मध्ये मुंबईला पुन्हा त्यांची गरज भासली आणि ते आले. तेव्हा ते 47 वर्षांचे होते. त्या वयात भारतीय संघाचं दार उघडणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणजे ज्या फळाची चर्चा आयुष्यभर झाली, ते फळ आता झाडावरच नव्हतं. उरलं होतं नुसतं कर्म. डाव्या हाताच्या बोटांत चेंडू घ्यायचा, शिवण चाचपायची, चार पावलं धावायचं आणि समोरच्या निम्म्या वयाच्या फलंदाजाला पुढे ओढायचं. ते त्यांनी केलं. सत्तेचाळिसाव्या श्लोकावरचं असं सत्तेचाळिसाव्या वर्षी केलेलं भाष्य दुसरं सापडणार नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आणखी एक शब्द आहे, लोकसंग्रह. टिळकांनी आपल्या कर्मयोगात त्याला मोठं स्थान दिलं. ज्ञानी माणसाने काम का करावं? स्वतःला काही मिळवायचं उरलं नसलं तरी लोकांची घडी नीट राहावी म्हणून. शिवलकर निवृत्तीनंतर दादरच्या शिवाजी पार्क जिमखान्यात पोरांना शिकवत राहिले. ज्या खेळाने आपल्याला दारातून परत पाठवलं, त्याच खेळाच्या दारात उभं राहून दुसऱ्यांची पोरं आत सोडायची, याला मन मोठं लागतं. 2017 साली क्रिकेट मंडळाने शिवलकर आणि गोयल या दोघांना मिळून सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. दोघंही तेव्हा पंच्याहत्तरीच्या आसपास होते.

तर फळ मिळालं की नाही? याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल, आणि ते दोन भाग एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

कर्त्याच्या बाजूने पाहिलं तर मिळालं. जो चेंडू हवा होता तसाच पडला, हे सुख टाकणाऱ्याचं एकट्याचं असतं. निवड समिती ते देत नाही, त्यामुळे काढूनही घेऊ शकत नाही. शिवलकरांनी ते सुख वर्षानुवर्षं भोगलं.

समाजाच्या बाजूने पाहिलं तर देणं राहिलं. फळाची आशा धरू नकोस, हे कृष्णाने अर्जुनाला सांगितलं. ज्याला धनुष्य चालवायचं होतं त्याला सांगितलं. फळ ज्यांच्या हाती आहे, त्या निवडणाऱ्यांना, वाटणाऱ्यांना, दार राखणाऱ्यांना उद्देशून ते वाक्य नाही. फळ न देणाऱ्याने गीतेचा दाखला देणं म्हणजे मजुरी बुडवणाऱ्या मुकादमाने मजुराला वैराग्य शिकवणं. पाच कारणांचा श्लोक आला आहे त्याच्या दोनच श्लोक पुढे, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची समज अपुरी असते, असं म्हटलं आहे. तो हिशेब जिंकलेल्याला नम्र करायला आहे. हरलेल्याला गप्प करायला तो वापरू नये.

1 डिसेंबर 2023 रोजी नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात टी-ट्वेंटी सामना झाला. अक्षर पटेलने चार षटकांत 16 धावा देऊन तीन बळी घेतले आणि सामन्याचा मानकरी ठरला. डावखुऱ्या फिरकीचा तो खेळ रायपूरच्या किती मुलांनी डोळ्यांत साठवला असेल. दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीत टेनिसच्या चेंडूला डाव्या तर्जनीचा पीळ बसला असेल. त्यातली काही मुलं निवड चाचणीला जातील आणि बहुतेकांची नावं यादीत येणार नाहीत. जागा मोजक्याच असतात, त्याला इलाज नाही.

म्हणून रायपुरात, दुर्गमध्ये, बिलासपुरात, नागपुरात, जिथे जिथे कुणी यादी करायला बसतं, त्या प्रत्येकाला एक विनंती आहे. यादीत न आलेल्या मुलाला बोलावून घ्या. त्याचा टप्पा आखूड पडतो की खांदा लवकर उघडतो, की त्याच्याहून सरस कुणी आहे, ते त्याला समोर बसवून सांगा. चूक तुमची झाली असेल तर तसंही सांगा. फक्त ‘तुझं नशीब नव्हतं’ एवढं सांगून त्याला घरी पाठवू नका.